पातं उचललेलं दिसलं म्हणून दुखण्याचं मूळ सापडत नाही

खांदा दुखतो म्हणून कुठेही दाखवायला गेलं, की हल्ली एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं: 'तुमचं खांद्याचं पातं बाहेर आलंय, म्हणून दुखतंय.' जिममधला ट्रेनरही आरशासमोर उभं करून हेच सांगतो. माणूस घरी येतो तो आपल्या शरीरात काहीतरी वाकडं आहे, ही धास्ती घेऊनच.

आधी पाहणाऱ्यांचं तरी एकमत होतं का, ते बघू. अमेरिकेतले डॉ. बेन किबलर यांनी पात्याच्या हालचालीचे चार प्रकार ठरवले: खालचं टोक उचललं जाणं, आतली कड उठणं, वरची कड चढणं आणि दोन्ही बाजू सारख्या असणं. २००२ च्या त्यांच्याच अभ्यासात एकच चित्रफीत पाहून फिजिओथेरपिस्टांचं एकमत ०.४२ भरलं, डॉक्टरांचं ०.३१. या मापात १ म्हणजे पूर्ण एकमत आणि ० म्हणजे निव्वळ योगायोग. 'अनुभवी डोळ्याला लगेच कळतं' म्हणणाऱ्यांनी हे आकडे जरूर पाहावेत.

म्हणूनच सर्वांनी एकाच रीतीने तपासण्याची गरज भासली. २००९ मध्ये मॅक्ल्युअर आणि सहकाऱ्यांनी अशी पद्धत मांडली. दोन्ही हातांत वजन द्यायचं: ६८ किलोच्या आतल्या माणसाला १.४ किलो, त्यावरच्याला २.३ किलो. हात समोरून पाच वेळा आणि बाजूने पाच वेळा वर न्यायचे, तीन मोजत वर आणि तीन मोजत खाली. तपासणारा पाठीमागून पाहतो आणि तीनपैकी एकच शेरा देतो: सामान्य, किंचित दोष किंवा स्पष्ट दोष. बिघाड बरेचदा हात खाली येताना दिसतो, म्हणून घाईने हात पाडून चालत नाही. एकमत ०.४८ ते ०.६१ पर्यंत पोचलं. ही प्रगती खरी, पण पैकीच्या पैकी नव्हे.

आता मुख्य मुद्दा. त्याच वर्षी याच पद्धतीने खेळाडू तपासले गेले. ज्यांच्या पात्यात स्पष्ट दोष दिसला, त्यांची हालचाल यंत्राने मोजल्यावरही वेगळीच निघाली; म्हणजे डोळ्यांनी पाहिलेलं खरं होतं. मात्र खांदेदुखी त्यांच्यात आणि सामान्य गटात सारखीच होती! दोष दिसणं एक, तोच दुखण्याचं कारण असणं दुसरं. किती वेळा सांगायचं?

इतर गैरसमज थोडक्यात:

'दोन्ही पाती सारखीच असायला हवीत.' एकाच हाताने जोर लावणाऱ्या निरोगी खेळाडूंतही फरक सर्रास आढळतो.

'टेपने मोजलं की शंका मिटते.' दोन्ही पात्यांच्या मणक्यापासूनच्या अंतरात दीड सेंटिमीटरहून जास्त फरक भरला तरी कित्येकांना काहीच त्रास नसतो.

'पातं उठलं म्हणजे नस गेली.' सेराटस स्नायूची नस दुखावली तर पातं ठळकपणे उठतं, पण बहुतेकांत कारण ते नसतं.

मग पात्याकडे बघायचंच नाही का? जरूर बघायचं, पण पुढची पायरी गाळायची नाही. रुग्ण हात उचलत असताना तपासणाऱ्याने पात्याला हाताने आधार द्यावा. दुखणं तिथल्या तिथे कमी झालं, तर पात्याचे व्यायाम देण्याला आधार मिळतो. तुम्हाला कुणी पात्याचा दोष सांगितला तर बेधडक विचारा: वजन देऊन पाहिलंत का? आधार दिल्यावर दुखणं बदललं का? उत्तर मिळेपर्यंत स्वतःला वाकडं समजू नका.