लिखाणाचं टोकन

'लिहायचं खूप आहे, पण वेळच मिळत नाही' हे वाक्य मी सेकंड इयरपासून म्हणत आलो. खरं तर वेळ भरपूर होता. रात्री दोनपर्यंत कट्ट्यावर गप्पा ठोकायला मिळतो, मग एक पान लिहायला का मिळू नये? जर्नल्स आपण कशी लिहितो ते आठवा. आदल्या रात्री का होईना, पण लिहितोच. कारण सकाळी सर मागणार असतात. कथा-कविता कोणी मागत नाही, म्हणून ती वहीच्या मागच्या पानांवर अर्धवट पडून राहते. कंट्रोल सिस्टिमच्या भाषेत ही ओपन लूप. आउटपुट बघणारं कोणी नाही, मग एरर कितीही वाढो, पत्ता कोणाला?

माझं गाव पूर्णा. आजोबा तिथे वाफेच्या इंजिनवर फायरमन होते, पुढे ड्रायव्हर झाले. पूर्णा-अकोला लाईन तेव्हा मीटरगेज होती. त्यांच्या आठवणी लिहून काढायच्या, हे मी दहावीत असल्यापासून ठरवलेलं. गेल्या दिवाळीत घरी गेलो तर त्यांनी एकच गोष्ट तासाभरात तीनदा सांगितली, आणि ज्याच्यासोबत कित्येक वर्षं कोळसा टाकला त्या जोडीदाराचं नाव काही केल्या त्यांना आठवेना. ते गप्प बसून राहिले. मी पण. परतीच्या पॅसेंजरमध्ये हिशेब केला, पाच वर्षांत मी फक्त दीड पान लिहिलं होतं.

हॉस्टेलवर येऊन रूम पार्टनरला हे सांगितलं. तो चोरून गझला लिहितो (चोरून म्हणजे आख्ख्या विंगला माहीत आहे). आम्ही लिहिणाऱ्यांचा गट काढायचं ठरवलं. पहिल्याच रविवारी अकरा जण जमले. प्रत्येकाने दुसऱ्याची कविता फाडून खाल्ली, एकाने वृत्तावर व्याख्यान दिलं. तिसऱ्या रविवारी आम्ही दोघंच उरलो.

मग आजोबांचीच एक गोष्ट कामाला आली. सिंगल लाईनवर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून टोकन असायचं. लोखंडी गोळा. दोन स्टेशनांवर दोन यंत्रं, एकमेकांना तारेने जोडलेली. एका वेळी एकच गोळा बाहेर निघतो, आणि तो पुढच्या स्टेशनच्या यंत्रात पडेपर्यंत दुसरा निघत नाही. हातात गोळा नसेल तर ड्रायव्हर गाडी हलवत नाही. न थांबणाऱ्या गाडीसाठी गोळा मोठ्या रिंगमध्ये घालून देत, आणि फायरमन धावत्या इंजिनातून हात काढून ती झेलत असे. आजोबा म्हणायचे, "पुढच्या टेशनात मानूस हात वर करून हुबा असतोय बाबा, झोपून कसं चालंल?"

आम्ही एक दोनशे पानी वही आणली. तेच आमचं टोकन. आता आम्ही चौघं आहोत: आम्ही दोघं, मेकॅनिकलचा एक जण आणि लायब्ररीतले काका, जे आपल्या गावच्या आठवड्याच्या बाजारावर लिहितात. रविवारी संध्याकाळी मेस बंद असते, तेव्हा टपरीवर जमतो. वही ज्याच्याकडे आहे त्याने दोन दिवसांत किमान एक पान लिहून पुढच्याला द्यायची. रविवारी प्रत्येकाने आपलं पान मोठ्याने वाचायचं. कोणी विचारल्याशिवाय मत द्यायचं नाही. ज्याचं लिहून झालं नाही त्यानेही यायचंच, आणि चहाचे पैसे द्यायचे.

यातला शेवटचा नियम सगळ्यात महत्त्वाचा, हे आम्हाला काकांमुळे कळलं. घरी आजारपण होतं, त्यांचे दोन आठवडे कोरे गेले. मग ते काउंटरवर आम्हाला टाळायला लागले. पन्नाशीचा माणूस आम्हा पोरांना बघून रजिस्टरमध्ये डोकं घालतोय! गट मोडतो तो आळसाने नाही, लाजेने. एकदा चुकलं की तोंड दाखवणं जड जातं, न गेल्यामुळे आणखी जड होतं. आम्ही वही घेऊन त्यांच्या क्वार्टरवर गेलो, चहा त्यांच्याच घरी प्यायलो. त्यांनी चार ओळी लिहिल्या. चालतात.

हे काही आम्ही शोधून काढलेलं नाही. 1727 मध्ये फिलाडेल्फियात बेंजामिन फ्रँकलिनने (हो, तोच, विजेचा पतंगवाला) ओळखीच्या तरुणांचा एक गट काढला. दर शुक्रवारी बैठक, आणि प्रत्येकाने तीन महिन्यांतून एकदा स्वतःचा निबंध लिहून वाचायचा. फार ठासून मत मांडलं की किरकोळ दंड! आमच्या पहिल्या अकरा जणांना हा नियम लावला असता तर चहाचा वर्षभराचा खर्च निघाला असता.

आपल्याकडे 1923 साली पुण्यात रविकिरण मंडळ निघालं. माधव ज्यूलियन, यशवंत, गिरीश, श्रीधर रानडे, मनोरमाबाई रानडे अशी मोजकी मंडळी. चहाला जमायचं, एकमेकांना कविता ऐकवायच्या. त्याच वर्षी त्यांचा 'किरण' हा संग्रह आला. अत्र्यांनी 'झेंडूची फुले'मध्ये त्या काळच्या कवींची यथेच्छ टिंगल केली, त्यातून ही मंडळीही सुटली नाहीत. पण मला वाटतं, घरच्या चार माणसांचे कान हक्काचे असले की बाहेरची टिंगल सोसते.

उलट बाजूही सांगतो. वही देण्याची वेळ आली म्हणून मी काही पानं नुसती भरली आहेत, ती वाचवत नाहीत. गटामुळे लिखाण चांगलं होतं असा माझा दावा नाही. ते होतं, एवढंच.

महिन्यातून एकदा मी पानांची झेरॉक्स घेऊन पूर्णेला जातो आणि आजोबांना वाचून दाखवतो. ते चुका काढतात. "फावडं असं नसतं धरत," म्हणून एकदा अंगणात काठी घेऊन उभे राहिले, आजी ओरडली. आत्तापर्यंत एक्केचाळीस पानं झालीत. जोडीदाराच्या नावाची जागा कोरी सोडली आहे. वही सध्या मेकॅनिकलवाल्याकडे आहे, मंगळवारी माझ्याकडे येईल.