अहवाल लिहिणारी पुरवणी

एखाद्या मोठ्या कामाची प्रगति विचारली, कीं बहुधा ‘चाललें आहे’ असें उत्तर मिळतें. त्यांत खोटें कांहीं नसतें. पण काम कोठवर आलें हें त्यावरून कळत नाहीं. म्हणून दर आठवड्यास अहवाल मागवितात. आज पुष्कळ कचेऱ्यांत कामांची नोंदवही संगणकावर, ब्राउझरमध्यें उघडते. तींतून एकेक ओळ उतरून घेण्यांत अर्धी सकाळ जाते. हें उतरण्याचें काम यंत्रावर सोपवावें, यासाठीं ब्राउझरला एक लहानशी पुरवणी जोडतां येते. तिलाच एक्स्टेन्शन म्हणतात.

क्रोम ब्राउझरसाठीं पुरवणी रचावयाची, तर प्रथम मॅनिफेस्ट नांवाचें परिचयपत्र लिहावें लागतें. पुरवणीचें नांव, तिची आवृत्ति आणि कोणतीं पानें वाचण्याची मुभा तिला हवी, हें त्यांत असतें. दुसरा भाग प्रत्यक्ष पानांत शिरून कामाचें नांव, तें करणारा व मुदत वेंचून घेतो. तिसरा त्यांचा तक्ता मांडतो. मुभा मागतांना हात आंखडता असावा. एका नोंदवहीचें काम असतां सर्वच संकेतस्थळें वाचण्याची परवानगी मागणें, म्हणजे पोस्टमननें पत्र देतां देतां तिजोरीची किल्ली मागण्यासारखें आहे.

खरी कसोटी यापुढें. समजा, नोंदींत मुदत ‘२०२५-०३-०५’ अशी आहे. नुसती तारीख या रूपांत दिली, कीं जावास्क्रिप्ट भाषा ती जागतिक प्रमाणवेळेची मध्यरात्र समजते. पुण्यांत तेव्हां ५ मार्चच्या पहाटेचे साडेपांच वाजलेले असतात. न्यूयॉर्कमध्यें मात्र ४ मार्चच्या संध्याकाळचे सात! तेथील तक्त्यांत मुदत एक दिवस अलीकडे सरकते, आणि वेळेवर काम पुरें केलेला मनुष्य दिरंगाई करणारा ठरतो. पुण्याच्या घड्याळावर शंभर वेळां तपासलें, तरी हा दोष दिसावयाचा नाहीं. म्हणून संगणकाचें घड्याळ दुसऱ्या देशाच्या वेळेवर लावूनच पारख करावी.

तसेंच, कामें दोनशें असून पानावर एका वेळीं पन्नासच दिसत असतील, तर पुरवणीनें किती ओळी वाचल्या तें मोजावें. मुदतीची जागा रिकामी ठेवून पाहावें. पानाची मांडणी बदलून पाहावें.

अशा वेळीं ‘मला वाचतां आलें नाहीं’ असें स्पष्ट सांगणारी पुरवणी चांगली. कांहीं न बोलतां नीटनेटका पण चुकीचा तक्ता देणारी पुरवणी घातक. कारण त्या तक्त्यावरून कोणाच्या तरी मेहनतीचा निवाडा व्हावयाचा असतो.