यंत्रांस धातूचे कवच

भाताच्या तुसात सिलिका, म्हणजे वाळूचेच द्रव्य, विपुल असते. त्यामुळे गिरणीतील पंख्यांची पाती व तूस जाळणाऱ्या बॉयलरच्या नळ्या अकाली झिजतात. यावर एक उपाय म्हणजे वितळलेल्या धातूचा फवारा. स्वित्झर्लंडमधील शूप यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ही विद्या सिद्ध केली. तार अथवा भुकटी ज्वाळेत तापवून तिचे कण वेगाने पृष्ठभागावर मारतात. ते चपटे होऊन थरावर थर बसतात.

निकेल-क्रोमियमच्या लेपावर उष्णतेने क्रोमियम ऑक्साइडचा घट्ट पापुद्रा धरतो व तोच प्राणवायूस पुढे जाऊ देत नाही. टंगस्टन कार्बाइड व कोबाल्ट यांचा लेप झिजेस फार चिवट. परंतु सुमारे ५०० अंश सेल्सिअसपलीकडे तोच जळू लागतो. तेथे निकेल-क्रोमियममध्ये बसविलेले क्रोमियम कार्बाइड सुमारे ८५० अंशांपर्यंत टिकते.

म्हणून व्यापारी बंधूंनी केवळ दर पाहू नये. भाग किती तापतो, हे आधी सांगावे. पृष्ठभाग स्वच्छ व खरबरीत केला काय, हे विचारावे. तसे न केल्यास लेप सुटतो. तो सच्छिद्र राहिल्यास प्राणवायू आत शिरतो, आणि लेपाचा व यंत्राचा असा दुहेरी खर्च अंगावर पडतो.