हक्काला वयाची अट नाही, हाताला आहे
उत्तरायुष्यातली सुरक्षितता : लेखांक ६

गेल्या आठवड्यात आपण अमेरिकेत एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांच्या घराचा विचार केला होता. आजचा प्रश्न जास्त अवघड आहे : सत्तरी ओलांडलेल्या माणसाने बाहेर पडताना कपड्यांआड पिस्तूल बाळगावं का?

तिथे हा प्रश्न वृद्धांनीच न्यायालयात नेला. ओटिस मॅकडोनाल्ड हे शिकागोच्या मॉर्गन पार्क भागातले निवृत्त गृहस्थ. त्यांचं घर वारंवार फोडलं गेलं होतं. लांब नळीच्या बंदुका त्यांच्याकडे कायदेशीर होत्या, पण घरात कोणी शिरलं तर त्या झटकन हाताळता येणार नाहीत, असं त्यांना वाटे. हँडगनवर शहराची बंदी होती. जून २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला, तेव्हा ते ७६ वर्षांचे होते. पुढे दक्षिण इलिनॉयमध्ये चर्चमध्ये काम करताना बेदम मार खाल्लेल्या एका वयस्कर खजिनदार बाईही न्यायालयात गेल्या. त्यांच्या आणि आणखी एका अर्जावर डिसेंबर २०१२ मध्ये निकाल लागला आणि २०१३ मध्ये इलिनॉयने शस्त्र लपवून बाळगण्याचे परवाने देणारा कायदा केला. २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की परवान्यासाठी नागरिकाला खास कारण सिद्ध करायला लावता येणार नाही. २०२४ पर्यंत २९ राज्यांत पात्र प्रौढाला परवान्याशिवायही शस्त्र लपवून बाळगता येऊ लागलं. या कायद्यांत किमान वय आहे, कमाल वय नाही.

हक्काचा प्रश्न असा बराचसा सुटला. क्षमतेचा प्रश्न मात्र ज्याचा त्यालाच सोडवावा लागतो.

सुरुवात हातापासून करू. अर्धस्वयंचलित पिस्तुलात गोळी भरताना वरची स्लाइड जोराने मागे ओढावी लागते. संधिवाताने आखडलेल्या बोटांना नेमकं तेच जमत नाही. त्यासाठी अनेकांना रिव्हॉल्व्हर सुचवलं जातं, पण त्याचा चाप साधारण पाच किलोच्या जोराने ओढावा लागतो, आणि हलक्या, छोट्या रिव्हॉल्व्हरचा धक्का मनगटाला जास्त बसतो. सैल स्प्रिंगची, ज्येष्ठांना झेपतील अशी पिस्तुलं आता मिळतात. तरीही विकत घेण्याआधी प्रशिक्षकासमोर तेच शस्त्र चालवून पाहणं, हा एकच खरा निकष आहे.

मग डोळे. नेम धरताना नजर नळीच्या टोकावरच्या खुणेवर स्थिर करावी लागते. चाळिशीनंतर हेच अंतर धूसर होतं आणि दुहेरी भिंगाचा चष्मा असेल तर मान वर करून पाहावं लागतं. त्यात ऐकू कमी येणं, झोपेच्या किंवा वेदनेच्या गोळ्या, तोल जाणं यांची भर पडते. चाप पूर्ण झाकणारं घट्ट होल्स्टर अत्यावश्यक आहे. पर्समध्ये किंवा नुसत्या खिशात पिस्तूल टाकणं धोक्याचं : चोर पर्सच हिसकावतो आणि घरी नातवंडं पर्सच उघडतात.

आता धोका नेमका कुठे आहे तेही पाहू. अमेरिकेच्या गुन्हेविषयक पाहण्यांत ६५ वर्षांवरील लोकांवर हिंसक हल्ले होण्याचं प्रमाण इतर वयोगटांपेक्षा कमी आढळतं. उलट बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात, आणि आत्महत्येचं प्रमाण पंचाहत्तरीपुढच्या पुरुषांत सर्वाधिक आहे. जोडीदार गेल्यावर, असाध्य आजार कळल्यावर, घरातलं शस्त्र बाहेरच्या चोरापेक्षा घरातल्या माणसालाच जास्त घातक ठरू शकतं. अशा काळात ते घराबाहेर, विश्वासू माणसाकडे कायदेशीरपणे ठेवावं. ९८८ हा मदतीचा दूरध्वनी तिथे चोवीस तास चालू असतो.

स्मृतिभ्रंशाचं निदान झालं म्हणून तिथला संघराज्याचा कायदा आपोआप शस्त्र काढून घेत नाही. ते काम कुटुंबाचंच. एक विसंगती मला फार महत्त्वाची वाटते. निवृत्त पोलिसाला २००४ च्या कायद्यानुसार देशभर शस्त्र बाळगता येतं, पण त्यासाठी दर वर्षी नेमबाजीची चाचणी उत्तीर्ण व्हावी लागते. आयुष्य शस्त्रासोबत काढलेल्या माणसाला ही अट आहे, आणि सत्तरीत पहिल्यांदा पिस्तूल घेणाऱ्याला अनेक राज्यांत कसलीच नाही. म्हणून ही अट ज्येष्ठांनी स्वतःच स्वतःला घालावी : वर्षातून एकदा प्रशिक्षकापुढे चाचणी, एकदा डोळ्यांची तपासणी, आणि औषध बदललं की डॉक्टरांशी बोलणं. बुद्धी शाबूत असतानाच कागदावर लिहून ठेवावं, की कोणती लक्षणं दिसली की शस्त्र सोडायचं, ते कोणाकडे द्यायचं आणि हे मला कोण सांगेल. गाडीच्या किल्ल्या सोडण्याइतकाच हा निर्णय कठीण असतो, म्हणून तो आधी घ्यायचा. शस्त्र दुसऱ्याकडे देण्याचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत, तेही आधीच विचारून घ्यावेत.

मुलांकडे अमेरिकेला जाणाऱ्या आपल्या आईवडिलांसाठी दोन गोष्टी. पर्यटक व्हिसावर असलेल्याला, शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर, शस्त्र जवळ बाळगता येत नाही. ग्रीन कार्ड असलेल्यांचे नियम वेगळे. आणि ज्या मुलांच्या घरी शस्त्र आहे त्यांनी ते तिजोरीत कुलूपबंद ठेवावं. आल्या दिवशीच ते कुठे आहे हे विचारायला आजी-आजोबांनी संकोचू नये.

हे सगळं पाळण्याची तयारी असेल, तर पिस्तूल बाळगणं हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय ठरतो. त्यातली एखादी गोष्टही शक्य नसेल, तर ते न बाळगणं हाच अधिक सुरक्षित निर्णय आहे, आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

पुढच्या आठवड्यात ज्येष्ठांच्या आर्थिक फसवणुकीकडे वळू. एफबीआयकडे ६० वर्षांवरील लोकांनी २०२३ मध्ये नोंदवलेलं ऑनलाइन फसवणुकीतलं नुकसान ३.४ अब्ज डॉलरहून अधिक होतं, आणि त्या चोरापुढे कोणतंही पिस्तूल उपयोगाचं नाही.