‘निर्मिती’ आणि ‘प्रतिसाद’ : ख्रिस्ती कलाविचारातील एक शब्दप्रश्न

कलावंताच्या कृतीस आपण मराठीत सहजपणे ‘निर्मिती’ म्हणतो, आणि जगाच्या उत्पत्तीसही तोच शब्द योजतो. दोन भिन्न व्यापारांस एकच नाव मिळाल्यामुळे एक महत्त्वाचा प्रश्न झाकला जातो. जग ईश्वराने निर्माण केले असे मानणाऱ्या श्रद्धावंताने चित्र काढावे ते कोणत्या अधिकाराने? ते ईश्वरी कार्याचे अनुकरण की त्यावरील अतिक्रमण? ख्रिस्ती परंपरेत हा प्रश्न केवळ तात्त्विक राहिला नाही. आठव्या व नवव्या शतकांत बायझंटाईन साम्राज्यात त्यापायी पवित्र चित्रे नष्ट करण्यात आली. या प्रश्नास मिळालेल्या उत्तराचा मागोवा येथे मुख्यतः शब्दांच्या आधारे घ्यावयाचा आहे.

प्रथम क्रियापदे पाहू. बायबलच्या उत्पत्तिग्रंथाच्या आरंभी जगाच्या उत्पत्तीसाठी ‘बारा’ हे हिब्रू क्रियापद आले आहे. हिब्रू बायबलमध्ये या क्रियापदाच्या मूळ रूपाचा कर्ता सदैव ईश्वरच असतो. मनुष्य कधीही नसतो. याउलट ‘आसा’, म्हणजे करणे, आणि ‘यात्सर’, म्हणजे घडवणे, ही क्रियापदे ईश्वर व मनुष्य या दोघांनाही लागतात. मातीपासून मनुष्य घडवला गेला तेथे ‘यात्सर’ आहे, आणि त्याच धातूपासून साधलेला ‘योत्सेर’ हा शब्द कुंभाराचा वाचक आहे. अर्थात् शून्यातून अस्तित्व देणे हे मनुष्याच्या वाट्याचे नाही. हाती आलेल्या मातीस आकार देणे मात्र आहे. आपल्याकडील दोन शब्दांतही असा भेद दडलेला आहे. ‘सृष्टी’तील ‘सृज्’ धातूचा अर्थ सोडणे, आपल्यातून बाहेर टाकणे. तर ‘निर्मिती’तील ‘मा’ धातूचा अर्थ मापणे. व्युत्पत्तीच्या दृष्टीने पाहता ‘निर्मिती’ हा शब्द सुताराच्या व कुंभाराच्या अधिक जवळचा आहे. पोप दुसरे जॉन पॉल यांनी 1999 साली कलावंतांना उद्देशून लिहिलेल्या पत्रात हाच भेद पोलिश भाषेतील ‘स्त्वूर्त्सा’, म्हणजे स्रष्टा, आणि ‘त्वूर्त्सा’, म्हणजे घडवणारा, या शब्दांच्या नात्यावरून मांडला आहे.

आता विशेषण पाहू. उत्पत्तीच्या कथेत ईश्वर आपले कार्य पाहतो आणि ते ‘तोव’ असल्याचे त्यास दिसते. ‘तोव’ या शब्दाच्या कक्षेत चांगले, उपयुक्त व मनोहर हे तिन्ही अर्थ येतात. प्राचीन ग्रीक भाषांतरकारांनी येथे नैतिक चांगुलपणा प्राधान्याने सुचवणारा ‘आगाथोस’ हा शब्द न योजता, सुंदर असाही अर्थ असलेला ‘कालोस’ योजला. लॅटिन भाषांतरात ‘बोनुम्’ आला आणि सौंदर्याची छटा मागे पडली. मराठीतील ‘चांगले’ या शब्दानेही ती पुरती व्यक्त होत नाही. हा फरक लहान नाही. ‘कालोस’ हा अर्थ स्वीकारल्यास सृष्टीविषयीचा पहिला अभिप्राय हा पाहणाऱ्याचा अभिप्राय ठरतो. मग चित्रकाराचे काम म्हणजे त्या पाहण्यात सहभागी होणे, आणि जे पाहिले त्यास हाताने दुजोरा देणे. त्यास निर्मिती म्हणण्यापेक्षा प्रतिसाद म्हणणे अधिक यथार्थ होय.

येथे एक आक्षेप संभवतो. मूर्ती करू नये अशी आज्ञा निर्गमग्रंथाच्या विसाव्या अध्यायात स्पष्ट आहे. तथापि त्याच ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायात कोशाच्या झाकणावर सोन्याचे करूब घडवण्यास सांगितले आहे. आणि एकतिसाव्या अध्यायात बसालेल नावाच्या कारागिरास ईश्वराच्या आत्म्याने भरल्याचे म्हटले आहे. तेथे त्याच्या कौशल्यास लावलेला ‘होखमा’ हा शब्द इतरत्र ज्ञानी पुरुषांच्या प्रज्ञेसाठी येतो. म्हणजे निषेध आराधनेचा आहे, घडवण्याचा नव्हे. आठव्या शतकात दमास्कसच्या योहानाने या विचारास ख्रिस्ती आधार दिला. ईश्वराने देह धारण केला असेल, तर जडद्रव्य तुच्छ राहत नाही आणि त्या देहाचे चित्र काढता येते, असे त्याचे प्रतिपादन. केवळ ईश्वरास द्यावयाची आराधना आणि चित्रास द्यावयाचा आदर यांसाठी त्याने निराळे शब्द वापरले. 787 साली नायकेयाच्या दुसऱ्या परिषदेने हा भेद मान्य केला.

मात्र प्रतिसाद द्यावयाचा तो कोणत्या रूपात, हा प्रश्न यानंतरही उरतो. त्याची किंमत आपल्या प्रदेशातील एका चित्रकाराने मोजली. आंजेलो द फोन्सेका (1902–1967) यांचा जन्म गोव्यातील सांतू इस्तेव्ह येथे झाला. शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ ठाकूर यांच्या परंपरेत शिकून ते परतले, आणि त्यांनी मरियेस साडी नेसवून, भारतीय चेहरेपट्टी देऊन जलरंगांत रंगवले. पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात युरोपीय रूप हेच पवित्र रूप मानण्याची सवय मुरलेली होती. त्यामुळे त्यांच्यावर टीका झाली. त्यांनी गोवा सोडले आणि पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून आपले काम चालू ठेवले. त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह पुढे पर्वरी येथील झेवियर इतिहास संशोधन केंद्राकडे आला.

फोन्सेकांचे टीकाकार साडीस बाह्य वेष समजले. वरील विवेचन मान्य केल्यास ही समजूत टिकत नाही. प्रतिसाद हा प्रतिसाद देणाऱ्याच्या भाषेतच द्यावा लागतो. उसन्या भाषेत दिलेले उत्तर बहुधा पाठांतर असते. सृष्टी चांगली आहे हे ज्याने या मातीत, येथल्या माणसांच्या चेहऱ्यांत पाहिले, त्याने ते याच रेषांत सांगणे हे त्याच्या श्रद्धेशी सुसंगतच होते. चर्चने कोणतीही एक कलाशैली आपली म्हणून स्वीकारलेली नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 साली उपासनेविषयीच्या संविधानात नमूद केले. फोन्सेका तेव्हा हयात होते; परंतु त्यांची कृती या संमतीची वाट पाहत थांबलेली नव्हती. कलेच्या अभ्यासकांनी ‘ख्रिस्ती कला’ हा शब्द वापरताना तो विषयाचा वाचक मानावा की प्रतिसादाच्या या वृत्तीचा, याचा निर्णय आधी करावा. पहिल्या अर्थाने फोन्सेकांच्या चित्रांची केवळ यादी होईल; दुसऱ्या अर्थानेच त्यांचे आकलन होऊ शकेल.