मेसची पोळी आणि एचआयव्हीचा प्लग

मागच्या वर्षी आमच्या मेसमध्ये अफवा उठली. पोळ्या करणाऱ्या मावशींना म्हणे एचआयव्ही आहे! दोन दिवसांत अर्ध्या मुलींनी बाहेरचा डबा लावला. "कायले रिस्क घेतं वं?" रूममेट म्हणाली. खरं सांगते, मीपण दोन दिवस मॅगीवर काढले. आठवडाभरात मावशी काम सोडून गेल्या. नंतर लाज वाटली, म्हणून वाचायला बसले.

आपण इंजिनिअर, तेव्हा आपल्याच भाषेत सांगते. एचआयव्हीच्या अंगावर साधारण १४ खुंट्या असतात. प्रत्येक खुंटीत जीपी१२० आणि जीपी४१ या प्रोटीनचे तीन-तीन तुकडे. जणू थ्री-पिन प्लगच! सॉकेट आपल्या काही पांढऱ्या पेशींवर असतं, त्याचं नाव सीडी४. जीपी१२० आधी तिथे बसतं, आकार बदलतं आणि मग शेजारचं दुसरं सॉकेट, बहुतेक वेळा सीसीआर५, पकडतं. त्यानंतर जीपी४१ व्हायरसचं आणि पेशीचं आवरण ओढून एकत्र जोडतं. झाली एन्ट्री!

गंमत म्हणजे, लागण झालेल्या माणसाच्या शरीरात व्हायरसची असंख्य रूपं असतात, पण लैंगिक संबंधातून बहुधा एकच रूप पलीकडे तग धरतं. झांबियातल्या जोडप्यांवरचा एक अभ्यास २००४ साली आला. पार झालेल्या व्हायरसच्या जीपी१२०चे लूप आखूड आणि त्यावरचं साखरेचं आवरण विरळ निघालं. हा होता सबटाइप सी. भारतातही मुख्यतः तोच आहे.

म्हणजे योग्य पेशीपर्यंत जिवंत व्हायरस पोचायलाच हवा. तो पोचतो असुरक्षित संबंधातून, दूषित रक्तातून, वापरलेल्या सुईतून किंवा आईकडून बाळाला. पोळी, ग्लास, बाथरूम, डास यांतून नाही.

औषधं नियमित घेतली तर रक्तातले व्हायरसच इतके कमी होतात की संबंधातूनही लागण होत नाही. १७६३ जोडप्यांच्या एका जागतिक चाचणीत पुण्याची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थाही होती. २०११चा निकाल असा, की लवकर औषध सुरू केल्यावर जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटली.

शंका असेल तर अमरावतीच्या इर्विनमध्ये किंवा अकोल्याच्या सर्वोपचारमध्ये तपासणी मोफत होते, नाव गुप्त राहतं. एचआयव्ही आहे म्हणून भेदभाव करून कुणाला कामावरून काढायला २०१७च्या कायद्याने मनाई आहे.

मावशींना काढलं कुणीच नव्हतं. आपण फक्त त्यांची पोळी खाणं बंद केलं. त्यांना खरंच काही होतं का, हे तर कुणी विचारलंही नाही.