यकृतातल्या कृमींची वंशावळ

तळ्याकाठी किंवा कालव्याच्या पाझराजवळ चरणाऱ्या जनावराच्या यकृतात चपटे कृमी शिरतात. पशुवैद्यक त्यांना लिव्हर फ्लूक म्हणतात. जनावर हळूहळू खंगते, दूध आटते, अंगातले रक्त कमी होते, जबड्याखाली पाणी उतरते. मग जंताचे औषध पाजले जाते. एका गोठ्यात जनावर सुधारते, दुसऱ्या गोठ्यात त्याच औषधाचा गुण येत नाही. याची कारणे अनेक असतात. डोस कमी पडला असेल, वेळ चुकली असेल. पण एक कारण खुद्द कृमींच्या जनुकांत दडलेले असू शकते. एका यकृतातले सगळे कृमी एकसारखे नसतात, म्हणून त्यांची वंशावळ समजून घ्यायला हवी.

या कृमींच्या मुख्य जाती दोन. फॅसिओला हेपॅटिका थंड हवेतली, साधारण तीन सेंटिमीटर लांबीची आणि खांदे असल्यासारखी रुंद. लिनिअसने १७५८ साली तिची नोंद केली. दुसरी फॅसिओला जायगँटिका. ती उष्ण प्रदेशातली, लांबट, साडेसात सेंटिमीटरपर्यंत वाढणारी. भारताच्या सपाट मुलखातल्या गायी-म्हशींत प्रामुख्याने हीच आढळते.

आता यांचे जीवनचक्र पाहू, कारण विविधतेचे मूळ तिथेच आहे. कृमीची अंडी पित्ताबरोबर आतड्यात येतात आणि शेणातून बाहेर पडतात. ओलावा आणि ऊब मिळाली की दोनेक आठवड्यांत अंड्यातून सूक्ष्म अळी निघते. तिला एका दिवसाच्या आत पाण्यातली योग्य जातीची गोगलगाय गाठावी लागते, नाही तर ती मरते. गोगलगायीच्या शरीरात नर-मादीचा प्रश्नच येत नाही. एकाच अळीपासून टप्प्याटप्प्याने शेकडो अळ्या तयार होतात आणि सगळ्यांची जनुके सारखी असतात. त्या पाण्यात उतरतात, गवतावर चिकटतात, स्वतःभोवती कवच करतात. जनावराने ते गवत खाल्ले की आतड्यात कवच फुटते. पिल्लू कृमी आतड्याची भिंत भेदून यकृतात शिरतो, काही आठवडे ते पोखरतो आणि शेवटी पित्तनलिकेत मुक्काम ठोकतो. प्रौढ कृमी उभयलिंगी असतो. त्याला एकट्याने अंडी फळवता येतात, पण शेजारी जोडीदार असला तर दोघांचा संकर होतो.

आंब्याची लागवड करणाऱ्याला हा फरक लगेच कळेल. गोगलगायीत कलमे बांधली जातात, सगळी मूळ झाडासारखी. पित्तनलिकेत कोय रुजते, आणि कोयीतून येणारे झाड कसे निघेल याचा भरवसा नसतो.

मग एका यकृतातली कलमे किती आणि कोयीची झाडे किती, हे ओळखायचे कसे? पहिली काळजी नमुना घेतानाच घ्यावी लागते. कृमीच्या पुढच्या भागात गर्भाशय असते आणि त्यात दुसऱ्या कृमीच्या शुक्राणूंनी फळलेली अंडी भरलेली असतात. तो भाग वापरला तर दोन पिढ्यांचा डीएनए एकत्र होईल. म्हणून गर्भाशयापासून दूरचा, मागच्या टोकाचा तुकडा कापतात. त्यातला डीएनए काढून पीसीआरने ठरावीक जागा वाढवतात. या जागी दोन-चार अक्षरांचा तुकडा पुन्हा पुन्हा आलेला असतो. कुणात तो दहा वेळा येतो, कुणात चौदा वेळा. प्रत्येक जागी दोन्ही जनकांकडून एकेक प्रत मिळते. अशा पंधरा जागा तपासल्या आणि दोन कृमींत त्या तंतोतंत जुळल्या, तर ते एकाच अळीचे वंशज असल्याचे मानता येते.

लिव्हरपूल विद्यापीठातल्या संशोधकांनी नेमक्या अशा पंधरा जागा वापरून ब्रिटनमधल्या गायी आणि मेंढ्यांतले दीड हजारांहून अधिक कृमी तपासले. २०१७ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. विविधता भरपूर निघाली. अनेक जनावरांत एकाच वंशाच्या प्रती सापडल्या, पण स्वतःशीच फलन होण्याचे प्रमाण कमी दिसले. प्रदेशानुसार वेगळे गटही पडले नाहीत, म्हणजे देशभरातले कृमी आपापसांत मिसळत होते. जनावर एका गावातून दुसऱ्या गावात गेले की त्याच्या यकृतातले कृमीही जातात. आपल्याकडे आठवडी बाजारात विकली जाणारी म्हैस किंवा बीडकडून ऊसतोडीला निघालेली बैलजोडीही असेच ओझे वाहून नेऊ शकते.

आशियात आणखी एक गुंता आहे. जपान, कोरिया, चीन, व्हिएतनाम, नेपाळ, बांगलादेश या देशांत असे कृमी सापडले आहेत ज्यांच्या शुक्राणूपिशवीत शुक्राणू जवळपास नसतातच. त्यांच्या पेशीकेंद्रातल्या जनुकांत दोन्ही जातींचे अंश दिसतात आणि ते फलनाशिवायच अंडी देतात. नुसत्या आकारावरून त्यांची जात ठरवता येत नाही. केवळ मायटोकाँड्रियाचा डीएनए पाहिला तरी फसगत होते, कारण तो फक्त आईकडून येतो.

या सगळ्याचा औषधाशी संबंध असा. ट्रायक्लाबेंडॅझोल हे औषध कोवळ्या कृमींनाही मारते, म्हणून त्याला फार महत्त्व आहे. ते १९८० च्या दशकात वापरात आले आणि १९९५ मध्ये ऑस्ट्रेलियातून प्रतिकाराची पहिली नोंद झाली. ब्रिटनमधल्या हेपॅटिकावर २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हा प्रतिकार जनुकसंचाच्या एकाच मोठ्या पट्ट्याशी जोडलेला आढळला आणि तो प्रभावी गुण निघाला. म्हणजे एका जनकाकडून तो मिळाला तरी पुरे. असा एक कृमी औषधातून वाचला की पित्तनलिकेतल्या संकराने तो गुण नव्या वंशांत उतरतो आणि गोगलगायीत त्या प्रत्येक वंशाच्या शेकडो प्रती निघतात.

म्हणून औषध अंदाजाने पाजू नये. जनावराचे वजन धरून पूर्ण डोस द्यावा. औषधाआधी आणि नंतर दोन-तीन आठवड्यांनी पशुवैद्यकाकडून शेण तपासून घ्यावे. या कृमीची अंडी जड असल्याने शेण पाण्यात कालवून, गाळून, तळाशी बसलेला साका पाहावा लागतो, हे सांगून ठेवावे. विकत आणलेले जनावर तपासल्याशिवाय पाणथळ कुरणात सोडू नये. गोगलगायी असलेल्या काठावरचे ओले गवत कापून लगेच घालू नये. आणि आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांतून, शवविच्छेदनातले कृमी असोत वा शेणातली अंडी, त्यांचा डीएनए नियमित वाचला गेला पाहिजे. कुठले औषध कुठे चालेल हे जनावर हातचे जाण्याआधी सांगता यावे, यासाठी ही वंशावळ हवी.